तोडबाईची ओसरी

तोडबाई समोरच्या माणसाचं ऐकताना त्याच्या तोंडाकडे बघत नसे. मांडीवर सूप, सुपात तूर आणि डोळे तुरीतल्या खड्यांवर. तुम्ही तुमचा संसार कसा मोडला ते सांगत राहायचं आणि तिनं खडे वेचत राहायचं. तुमचा आवाज चढला की तिची बोटं थांबत. तुम्ही रडायला लागलात तर थांबत नसत. पहिल्या दिवशी मला हा माझा अपमान वाटला. मी शाळेत मराठी शिकवतो. वर्गभर पोरं माझ्या तोंडाकडे बघतात याचा मला पगार मिळतो. आणि इथं माझ्या आयुष्यातला सगळ्यात मोठा तास चालू असताना ही बाई तूर निवडत होती.

"ताई, तुम्ही ऐकून राहिल्या ना?" मी शेवटी विचारलं.

"कान काय सुपात टाकले का मी?" ती म्हणाली. "बोल तू. खोटं आलं का मीच थांबवीन तुले."

मग तिनं मला बऱ्याच वेळा थांबवलं.

सौंसरच्या कोर्टात ती वकिली करायची आणि घटस्फोटाशिवाय दुसरी केस हातात घ्यायची नाही. शेतीचे, धुऱ्या-बांधाचे, मारामारीचे लोक आले की त्यांना पाणी देऊन दुसऱ्या वकिलाचं घर दाखवायची. म्हणून तोडबाई. तोंडावर सगळे 'ताई' म्हणत, पाठ फिरली की तोडबाई. तिला ते ठाऊक होतं आणि त्याचं तिला काही वाटत नसे. "जोडाले सारं गाव येते, बँड घेऊन येते," ती म्हणे. "तोडाले कोणीच नाई येत. मंग एखादं तं पाह्यजे ना बाप्पा."

तिच्यापर्यंत मी पोचलो तो दोन वकील करून. आमच्या पांढुर्ण्यात वकिलांचा तुटवडा नाही, तुटवडा आहे तो अनोळखी माणसांचा. वनिता, म्हणजे माझी बायको, दिवाळीला पोरीला घेऊन बोरगावला माहेरी गेली. शाळा उघडली तशी पोरगी माझ्याकडे आली, वनिता परत आलीच नव्हती. होळीपर्यंत वाट पाहून मी एका सकाळी शाळेत जाताजाता एका वकिलाकडे डोकावलो. नुसतं विचारायला. दुपारच्या सुट्टीत बोरगावहून सासऱ्यांचा फोन. "जावईबापू, काही कमी-जास्त झालं असन तं आमच्याकडे याव. वकिलाकडे काहून गेले?" तो वकील माझ्या साडूचा मामेभाऊ निघाला. मी सोडायचा विचार करतो आहे हे माझ्या बायकोला असं कळलं. मला स्वतःला अजून नीट कळलेलं नव्हतं.

दुसरा वकील कुणाचाच कुणी नव्हता, एवढी खात्री करून घेतली. त्यानं माझं पाच मिनिटं ऐकलं आणि टेबलावर हात आपटला. "मास्तर, चरित्रावर घेऊ. बाईच्या चरित्रावर घेतलं का केस उभी राह्यते."

मी म्हटलं, "चारित्र्य चांगलं आहे हो तिचं."

"तं मंग सोडून काहून राहिले?"

मी वकील बदलला.

लग्न बोरगावच्या बुद्धविहारासमोर लागलेलं, बायको राहायला बोरगावात. केस सौंसरलाही लागते असं शाळेतल्या एका सहकाऱ्यानं सांगितलं आणि तोडबाईचं नाव दिलं. मी भर एप्रिलमध्ये डोक्याला, तोंडाला दुपट्टा गुंडाळून, वर काळा चष्मा लावून सौंसरच्या बसमध्ये बसलो. ओळखू येऊ नये म्हणून. कंडक्टर आला, तिकीट फाडता फाडता साऱ्या गाडीला ऐकू जाईल असं म्हणाला, "जयभीम मास्तर! कोर्टाजवळ उतरता का तोडबाईच्या घरासमोर थांबवू?" संत्र्याची टोपली घेऊन बसलेली एक म्हातारी मागे वळून मला नीट पाहू लागली. नंतर कळलं, मी कुठे निघालो ते लोकांनी तोंड बांधलेलं पाहूनच ओळखलं होतं. तोडबाईकडे जाणारे सगळे पुरुष असंच बांधून जात. बाया मात्र उघड्या तोंडानं जात.

तिचा पहिला प्रश्न ठरलेला असायचा. "बायकोचं नाव?"

"चिनूची आई," मी म्हणालो.

"चिनू कोण?"

"पोरगी माझी."

"पोरीले सोडून राहिला का तू?"

"नाही, नाही!"

"मंग नाव सांग."

आमच्यात बायकोला नावानं हाक मारायची पद्धत नाही. 'ऐकलं का', 'अवो', 'चिनूची आई' यावर सगळा संसार चालतो. ते नाव मी लग्नात, बायांनी दार अडवलं तेव्हा घेतलं असेल. त्यानंतर थेट या ओसरीवर. "वनिता," मी म्हणालो आणि चोरी पकडल्यासारखं इकडेतिकडे पाहिलं.

"जमलं ना?" तोडबाई म्हणाली. "घरी जमलं असतं तं इथवर भाडं काहून लागलं असतं."

या नावाच्या बाबतीत ती कुणालाही सोडत नसे. तिच्या स्वतःच्या नवऱ्यानं तिला टाकून दुसरी केली होती आणि तो त्याच गावात राहत होता. काही वर्षांनी ती दुसरीही तोंडावर वळ घेऊन हिच्या ओसरीवर आली. तोडबाईच्या टायपिस्टनं मला सांगितलं, बाईनं सूप खाली ठेवलं नाही. नुसतं म्हणाली, "नवऱ्याचं नाव सांग." त्या बाईनं सांगितलं. सारं सौंसर ज्याला ओळखतं ते नाव हिनं दुसऱ्याच कुणाचं असावं तसं ऐकून घेतलं आणि कोर्टात पेशीमागून पेशी, तारखेमागून तारीख करून तिला सोडवून दिलं. मी एकदा धीर करून हा विषय काढला. "चांगली केस होती," एवढंच ती म्हणाली आणि तूर पाखडायला लागली. सगळी फोलं माझ्या अंगावर आली.

मी माझं निवेदन लिहून नेलं होतं. अलंकार होते, दोन ठिकाणी दृष्टांत होता. मला निकालात लिहून हवं होतं की चूक तिची आहे. तोडबाईनं ते अर्धं वाचलं आणि सुपाखाली ठेवलं.

"मास्तर, तुले घटस्फोट पाह्यजे का शाबासकी?"

"दोन्ही," मी म्हणालो.

"शाबासकीचं कोर्ट अजून उघडलं नाई मध्यप्रदेशात. आपसी रजामंदीनं घे, दोघांच्या मर्जीनं, चुपचाप."

मी अडून बसलो तेव्हा तिनं वनितालाच बोलावून घेतलं. दुसऱ्या बाजूचंही तीच ऐकून घेत असे. नियमात बसत असो की नसो. वनिता आली, खांबाला टेकून बसली. तोडबाईनं विचारलं, "मारते का?" "नाई." "पेते का?" "नाई." "मंग?"

"ताई, ह्यांच्या घरात बोलता नाई येत," वनिता म्हणाली. "मी काई बोलली का दुसऱ्या दिवशी शाळेतले मास्तर मले पाहून हासते. माझ्या बाबाचं अडखळत बोलनं ह्यांनी माझ्याच भावाच्या लग्नात करून दाखोलं. मी स्कूटी शिकत होती, बाजारात भिंतीले भिडली, तं त्याचा किस्सा केला. आवाजासंग. मंग मी बोलनंच बंद केलं. आता हे म्हणते, घरवाली घुम्मी हाये."

स्कूटीचा किस्सा चांगला होता. आजही आहे. त्यात शेवटी एक कोंबडी येते, ती मी नंतर घातली. लोक पोट धरून हसत.

तोडबाईनं त्या दिवशी पहिल्यांदा मान वर करून माझ्याकडे पाहिलं. "हासते लोक?"

"खूप," मी म्हणालो. आवाजात थोडा अभिमान आला असावा.

"अन् हे?" तिनं हनुवटीनं वनिताकडे दाखवलं.

वनिता हसते की नाही हे मी कधी बघितलंच नव्हतं. सांगणाऱ्याची नजर नेहमी समोरच्या गर्दीवर असते. तोडबाईची बोटं पुन्हा चालू झाली.

मी शेवटी रजामंदीला तयार झालो तो एकाच गोष्टीसाठी. चिनू. ती तेव्हा तिसरीत होती आणि मला तिच्याशिवाय ते घर नको होतं. वनितानंच आपण होऊन म्हटलं, "पोरीची शाळा पांढुर्ण्यात हाये, मैत्रिणी तिथं हाये. शाळेच्या दिवसात तिथं राहो, सुट्ट्यात माझ्याजवळ. ह्यांच्याजवळ हासते पोरगी." एवढं मोठं मन मला कोर्टानंही दाखवलं नसतं. तोडबाई म्हणाली, "ठरलं. आता अर्जी लिहू. पन पहिले भांडे, मंग माणसं."

हा तिचा नियम. आपल्याकडे आहेराच्या भांड्यावर नाव कोरून देतात, हे काही सांगायला नको. मामाकडून, मावशीकडून, अमक्या गावाकडून. अर्जी लिहिण्याआधी दोन्हीकडच्यांनी लग्नातली सगळी भांडी तिच्या अंगणात आणायची. ती चष्मा लावून एकेक भांडं फिरवून नाव मोठ्यानं वाचायची. नवऱ्याकडच्या माणसाचं असेल तर उजवीकडे, बायकोकडचं असेल तर डावीकडे. "नवरा-बायको सोडते लोक," ती म्हणे, "परात नाई सोडत. सह्या झाल्यावर एका परातीपायी वापस येऊन माझं डोकं खाते." लेकरांना त्या दिवशी अंगणात यायला बंदी असे.

आता माझी हुशारी. आमच्या घरी तांब्याचा एक गुंड होता, पाणी भरायचा. रामाकोन्याच्या मामानं, म्हणजे वनिताच्या मामानं, दिलेला. त्यातलं पाणी वैशाखात असं गार असायचं की फ्रिज बंद ठेवावा. बाकी सगळं जावो, हा गुंड जाऊ नये असं माझ्या मनानं घेतलं. मी तो बाजारात एका भांडेवाल्याकडे नेला, मामाचं नाव घासून काढलं आणि त्या जागी कोरून घेतलं, 'सुभद्राबाई, तिगाव. सप्रेम भेट.' सुभद्राबाई माझी आत्या. कोरीव काम नवं दिसू नये म्हणून गुंड काही दिवस भावाच्या गोठ्यात शेणामातीत लोळवला. मला इतका आनंद झाला होता की हा किस्सा शाळेत सांगता येत नाही याचंच वाईट वाटत होतं.

अंगणात मी होतो, माझा मोठा भाऊ होता, समोर वनिता, सासरे आणि रामाकोन्याचे मामा. ताटं झाली, डबे झाले, समया झाल्या. तोडबाईनं गुंड उचलला, फिरवला, जरा थांबली आणि वाचलं, "सुभद्राबाई, तिगाव." आणि तो उजवीकडे ठेवायला निघाली. मामा चुळबुळले, "हा गुंड तं..." पण पुढे बोलले नाहीत, सोयऱ्यांसमोर भांड्यावरून बोलायला भला माणूस लाजतो. मी जिंकलो होतो.

माझा भाऊ मात्र सरळ माणूस. तो आपल्या आत्याच्या आठवणीनं गहिवरला. "सुभद्राआत्या? लेका, थे तं तुह्या लग्नाच्या आधीच्या साली गेली ना? आपुनच तं गेलतो मातीले."

मामा हळूच म्हणाले, "मास्तर, मेल्यावर आहेर पाठोला का आत्यानं?" सासऱ्यांना हसू आवरेना. ते अडखळत हसले, त्यांना बघून भाऊ हसला, टायपिस्ट हसला. माझ्या कुठल्याही किस्स्याला इतकं मोकळं हसू मी आणलेलं नाही.

वनिता हसली नाही. तिनं गुंडावरच्या अक्षरांवरून अंगठा फिरवला. "ताई, चिनू माझ्याजवळ राहीन," ती म्हणाली. "ज्या माणसानं माझ्या जित्या मामाचं नाव घासून टाकलं, तो माझ्या पोरीच्या डोक्यात माझं नाव किती दिवस राहू देईन?"

"एका गुंडावरून?" मी ओरडलो. "ताई, काही बोला ना! तुम्ही माझ्या वकील आहात!"

"वकील हाये म्हनूनच चूप हाये," तोडबाई म्हणाली आणि गुंड उचलून डावीकडे ठेवला.

सगळे गेल्यावर मी तिच्यावर भडकलो, बरंवाईट बोललो. तिनं बोलू दिलं. मग म्हणाली, "खोदकाम नवं हाये हे मले हातात घेताच दिसलं, मास्तर. तरी मी उजवीकडेच ठेवून राहिली होती. एका गुंडापायी पोरीचं घर बदलू नये म्हनून. सारं वकिलीचं इमान खाल्लं मी त्या एका मिनिटात. तुनं काय केलं? पाण्याचा गुंड वाचोला." आणि आत जाऊन तिनं दार लावून घेतलं.

कोर्टात सगळं हिंदीत झालं. आम्ही ज्या भाषेत भांडलो ती अर्जीत कुठेच नव्हती. साहेबांनी विचारलं, दोघांची मर्जी आहे का. मी म्हणालो, "जी." सहा महिन्यांची मुदत संपल्यावर पुन्हा विचारलं. मी पुन्हा म्हणालो, "जी." माझ्या उभ्या आयुष्यातलं सगळ्यात आखूड भाषण.

चिनू बोरगावला गेली. महिन्यातले दोन रविवार मला भेटायचा हक्क मिळाला, पण भेटायचं कुठे? बोरगावात मी पाय ठेवू शकत नव्हतो. तिथं पोरंसोरंसुद्धा मला 'मेल्या आत्याचा भाचा' म्हणू लागली होती. आता ते माझ्यावर किस्से सांगत, आणि ऐकतो की बरे सांगतात. वनिता पोरीला पांढुर्ण्याला पाठवायला तयार नव्हती. तेव्हा तोडबाई म्हणाली, "माझ्या ओसरीवर भेटत जा. मी कुठं जाऊन राहिली रविवारी."

मग वर्षानुवर्षं आम्ही तिथं भेटलो. मी चिप्सचं पाकीट, चॉकलेट घेऊन जायचो आणि किस्से सांगायचो. सुरुवातीला चिनू माझ्या मांडीला लागून बसे आणि खिदळे. पुढे थोडी सरकली. पुढे सुपाजवळ गेली. एका रविवारी पाहिलं तर दोघी मिळून खडे वेचत होत्या आणि काहीतरी हळू आवाजात बोलत होत्या. मी आलो तसं बोलणं थांबलं. ती दहावीनंतर कोणते विषय घेणार, तिला रात्री भीती का वाटते, आईशी कशावरून वाजलं, हे सगळं तोडबाईला माहीत असे. मला तिच्याकडून कळे, तेही तिला योग्य वाटलं तेवढंच.

"मास्तर," एकदा चिनू आत चहा ठेवायला गेली तेव्हा ती मला म्हणाली, "तू पोरीले काही इचारत जा ना. नुसता सांगूनच राहिला."

मी चिनूला विचारलं, "शाळा कशी चालू आहे?"

"बरी," ती म्हणाली.

यापुढे काय विचारतात ते मला सुचेना. मी एक किस्सा सांगितला. तोडबाईनं सूप जरा जोरात आपटलं.

मागच्या हिवाळ्यात ती गेली. छातीचं दुखणं तिनं कुणाला सांगितलंच नव्हतं. दुसऱ्यांचं ऐकण्याची सवय, आपलं सांगायची नाही. तिच्या मातीला सौंसर-पांढुर्णा दोन्ही तहसिलींतून माणसं आली होती. ज्यांना तिनं वेगळं केलं ते सगळे एका अंगणात. नवरे एका भिंतीशी, बायका दुसऱ्या भिंतीशी, एकमेकांची नजर चुकवत. कुणाचंच तोंड बांधलेलं नव्हतं. वनिता आली होती, माझ्याकडे बघून तिनं मान हलवली. चिनू आता कॉलेजात जाते. ती अशी रडत होती की लोकांना ती तोडबाईचीच मुलगी वाटली. कुणी मला विचारलं, "ही कोण?" मी सांगितलं, "माझी." त्या माणसानं माझ्याकडे जरा अविश्वासानं पाहिलं.

संध्याकाळी सौंसरच्या स्टँडवर ती बोरगावच्या गाडीची वाट बघत उभी होती. वनिता बाकावर बसली होती. मी जवळ गेलो. गाडी यायच्या आत काहीतरी ठरवायला हवं होतं. ओसरीला कुलूप लागलं होतं.

"चिनू," मी म्हणालो, "ह्या रविवारी कुठं भेटायचं? तू म्हणशील तर मी बोरगावले येतो. हासू दे लोकाले."

तिनं ओढणीनं डोळे पुसले. "काहून तरास घेता बाबा," ती म्हणाली. "मी रविवारी ताईसाठी येत होती."

गाडी आली, मायलेकी चढल्या. तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर पुढे काही बोलता आलं असतं.